गाळलेलं ऊन

भाऊंनी मला ते सभागृह पहिल्यांदा दाखवलं, पण त्यांना दाखवायचं होतं घड्याळ.

१९८० साल असेल. मे महिन्याच्या सुट्टीत ते कधीमधी मला डोंबिवलीहून आपल्या कचेरीत घेऊन जात. फोर्टातल्या एका शिपिंग कंपनीत ते जावक कारकून होते. दुपारी डबा झाला की ओव्हल मैदानापर्यंत एक फेरी मारायची, राजाबाई टॉवरकडे बघत मनगटावरच्या एचएमटीला किल्ली द्यायची आणि काटा मिनिटभर पुढेमागे करून घ्यायचा, हा त्यांचा नेम. त्या दिवशी ते घड्याळ लावत होते आणि मी टॉवरच्या उजव्या हाताची इमारत बघत होते. उभट, उतरत्या छपराची, टोकदार खिडक्यांची.

"हे चर्च आहे का?"

"चर्च नाही. युनिव्हर्सिटीचं आहे ते. तिथे डिग्र्या देतात."

"कुणाला?"

"पास होतील त्यांना," भाऊ म्हणाले आणि घड्याळ कानाला लावून त्यांनी टिकटिक ऐकली.

आमच्या घरात त्या इमारतीचं नाव पुढे कायम 'घड्याळाशेजारचं' असंच राहिलं. तिचं खरं नाव, सर कावसजी जहांगीर दीक्षान्त सभागृह, मला कॉलेजात गेल्यावर कळलं, आणि तेही गोंधळासकट कळलं. कारण मुंबईत त्या नावाची दोन सभागृहं आहेत. काळा घोड्याजवळचा सी. जे. हॉल, जिथे आता आधुनिक कलेचं राष्ट्रीय दालन आहे, तो १९११ चा आणि कावसजींच्या वारसांच्या देणगीतला. आमचं घड्याळाशेजारचं त्याहून जुनं, १८६९ ते १८७४ या काळात बांधलेलं. कुणी पत्ता विचारला की मी अजूनही आधी विचारते, "चित्रं बघायचीत का डिग्री घ्यायचीय?"

मी डिग्री घेतली ती त्या सभागृहात पाऊल न टाकता. १९९४ साली बी. कॉम. झाले, आणि दीक्षान्त समारंभ व माझ्या पहिल्या नोकरीचा दुसरा आठवडा नेमके एकत्र आले. इतक्या लवकर रजा मागायची मला लाज वाटली. भाऊ म्हणाले, कागद महत्त्वाचा, टाळ्या नाहीत. मग पदवी गैरहजेरीत घेतली, भाऊंनी तिला सागवानी चौकट करून आणली, आणि ती टीव्हीच्या वर, गणपतीच्या खाली टांगली गेली. तीस वर्षं मी चर्चगेटला उतरून ओव्हल ओलांडत राहिले. पावसाळ्यात छत्री सांभाळत, मार्चात क्रिकेटच्या चेंडूंपासून डोकं वाचवत. ते सभागृह रोज उजव्या हाताला असायचं. आत काय आहे, हा प्रश्न कधी पडलाच नाही. शेजारच्या बिऱ्हाडात काय शिजतंय याची आपल्याला जेवढी उत्सुकता असते तेवढीही नाही.

गेल्या डिसेंबरात एका व्याख्यानाच्या निमित्तानं अखेर आत गेले.

व्याख्यान काय होतं ते आता आठवत नाही. आठवतो तो माझा हात. दुपार कलली होती, बाहेर डिसेंबर असला तरी मुंबईचंच ऊन होतं, आणि मांडीवर ठेवलेल्या माझ्या उजव्या हातावर एक निळा ठिपका आला. मी हात हलवला तर तो मनगटावर गेला. थोड्या वेळानं त्याच्या शेजारी लालसर, जांभळाकडे झुकलेला दुसरा. पुढच्या रांगेतल्या एका बाईंचा पांढरा अंबाडा पोपटी झाला होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. मी वर पाहिलं, रंगीत काचांच्या उंच खिडक्यांकडे. बाहेरून याच खिडक्या काळपट, मुक्या दिसतात. तीस वर्षं मी त्यांची पाठ बघत आले होते. रंगीत काचेची खिडकी ही वस्तूच अशी की तिचं तोंड आतल्या बाजूला असतं.

आमची आजी ताक गाळायची धुवट धोतराच्या फडक्यातून. लोण्याचे कण वर राहायचे, खाली पातेल्यात निवळ, पातळ ताक. त्या सभागृहात ऊन तसं गाळून येतं. त्याची धग, त्याचा पांढरा जाळ काचेवरच राहतो आणि खाली पडतो तो नुसता रंग. हे लक्षात आलं आणि व्याख्यानाकडचं माझं लक्ष उडालं ते उडालंच.

कारण मग प्रश्न पडला की हे असं कुणी ठरवून केलं? तर नाही. या इमारतीचा आराखडा करणारा माणूस मुंबईचं ऊन कधी भोगलेलाच नव्हता.

त्याचं नाव सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. लंडनमधलं सेंट पँक्रास स्टेशनचं लालभडक हॉटेल त्याचं, राणीच्या नवऱ्याचं अल्बर्ट स्मारकही त्याचं. इंग्लंडातल्या त्या काळच्या सर्वांत मोठ्या वास्तुरचना कचेऱ्यांपैकी एक त्याची होती, आणि कामं इतकी की त्याच्याबद्दल एक किस्सा सांगतात. स्कॉटसाहेब कुठल्याशा गावात गेले, बांधकाम चालू असलेलं एक चर्च त्यांना आवडलं, त्यांनी चौकशी केली की हे कुणाचं काम? उत्तर आलं, साहेब, तुमचंच. किस्सा खरा असो वा रचलेला, माणूस कळतो. या स्कॉटनं मुंबई विद्यापीठाचं सभागृह, ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर लंडनला बसून काढले. तो मुंबईला कधीही आला नाही. काम सुरू झालं त्या १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझ कालवा खुला झाला. त्याआधीचं टपाल इजिप्तमध्ये उतरवायचं, जमिनीवरून पलीकडे न्यायचं, पुन्हा बोटीत चढवायचं. समुद्राखालची तार मुंबईत पोचली १८७० मध्ये. म्हणजे साइटवर एखादी शंका आली तर आधी काही आठवडे पत्राची वाट पाहायची किंवा आपल्या डोक्यानं निभावून न्यायचं. मुंबईकरांनी बहुधा दुसरं केलं असणार. आपण तेच करतो.

स्कॉटनं निवडलेली शैली फ्रान्समधल्या मध्ययुगीन गॉथिक चर्चांची, नक्षीदार आणि उंचीकडे धाव घेणारी. आता त्या चर्चांमधल्या रंगीत काचांचं काम काय असतं? उत्तरेकडे वर्षातले कितीतरी महिने आभाळ राखेच्या रंगाचं असतं, सूर्य कलंडलेला, ऊन पातळ. त्या अशक्त उजेडाला काचेनं जीव द्यायचा. कोबाल्टनं निळी केलेली, तांब्यानं लाल केलेली काच, तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले, म्हणजे तेवढ्याशा प्रकाशातही भिंत पेटल्यासारखी दिसते. तिथे काच उजेड आत बोलावते. इथे तीच काच उजेडाला उंबऱ्यावर थोपवून म्हणते, पाय धुऊन ये. प्रवाशांसाठीच्या जुन्या इंग्रजी मार्गदर्शिकांमध्येसुद्धा या काचांचं कौतुक करताना दोन गोष्टी एका दमात सांगितल्या जात: दिसायला छान, आणि हिंदुस्थानातलं कडक ऊन बाहेर ठेवायला उपयोगी. वस्तू तीच, जागा बदलली आणि काम उलटं झालं. एखाद्या कोकणी माणसानं इरलं राजस्थानात नेलं आणि तिथे ते सावलीसाठी वापरलं, तसं.

एकदा हे दिसलं की बाकीची इमारतही तशीच वाचता यायला लागली.

सभागृह १०४ फूट लांब, ४४ फूट रुंद आणि ६३ फूट उंच आहे. मी हिशेबाची बाई, त्यामुळे लगेच भागाकार केला. दहा बाय बाराच्या चाळीतल्या खोल्या मांडल्या तर जमिनीवर अडतीस बसतात, आणि वर सहाएक मजले. पण मला चमत्कारिक वाटली ती रुंदी आणि उंची यांची जोडी. उंची रुंदीच्या जवळजवळ दीडपट. आपले वाडे, आपली मंगल कार्यालयं आडवी पसरतात. माणसं वाढली की चौक वाढवायचा. इथे माणसं वाढली तरी जागा वाढते ती फक्त डोक्यावर. मूळ चर्चमध्ये या उंचीचं काम माणसाला खुजं करण्याचं. मान वर कर आणि स्वतःची पायरी ओळख. मुंबईत मात्र ती उंची एक साधं, घरगुती काम करते. शेपाचशे माणसांच्या अंगची गरम हवा वर चढते आणि तिथेच बसून राहते, खाली आपण बऱ्यापैकी थंड. चाळीत बसक्या छताखाली वाढलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही.

एवढी उंच भिंत पडत कशी नाही, हे मला माझ्या एका वास्तुरचनाकार मैत्रिणीनं चहाच्या टेबलावर समजावलं. दोन बिस्किटं एकमेकांना डोकं टेकवून उभी केली आणि म्हणाली, ही टोकदार कमान. अर्धगोल कमान खालच्या भिंतींना बाहेर जास्त रेटते. टोकदार कमानीचा भार जास्त सरळ खाली उतरतो. तरी थोडा रेटा उरतोच, म्हणून बाहेरून भिंतीला दगडी टेकू. मग तिनं बिस्किटांना दोन्ही बाजूंनी कप लावले. टेकूंनी भार घेतला की मधली भिंत मोकळी होते, आणि मोकळ्या भिंतीत एवढाल्या खिडक्या पाडता येतात. म्हणजे माझ्या हातावरचा निळा ठिपका शेवटी त्या बाहेरच्या टेकूंच्या जिवावर आला होता. बिस्किटं आम्ही खाल्ली. कमान पडली, पण ती बुडवल्यामुळे.

आत तिन्ही बाजूंनी एक गॅलरी फिरते, आठेक फूट रुंद, नक्षीदार लोखंडी टेकण्यांवर पेललेली. दगडाच्या मध्ययुगात अचानक ओतीव लोखंड! मला ते फार आवडलं. कुणी म्हणेल विसंगत आहे. पण व्हिक्टोरियन लोकांची हीच गंमत होती, की तोंडानं तेराव्या शतकाचं स्तोत्र म्हणायचं आणि हातानं कारखान्यातलं लोखंड बसवायचं. आपल्याकडे सत्यनारायणाला ब्लूटूथ स्पीकरवरून मंत्र लावतात, त्याला हसण्याचा अधिकार मग राहत नाही.

गॅलरी पाहताना मला १८८३ आठवलं. मुंबई विद्यापीठाच्या नियमांमध्ये उमेदवाराचा उल्लेख पुल्लिंगी सर्वनामानं होता. त्या साली ठरवलं गेलं की 'तो' म्हणजे 'ती' सुद्धा. एवढं एक व्याकरण बदललं आणि बायकांना पदवीचं दार उघडलं. पुढे काही वर्षांतच कॉर्नेलिया सोराबजी या विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधर स्त्री झाल्या. सभागृह उभं राहून तोवर दशकभर झालं होतं. म्हणजे पहिली काही वर्षं त्या काचांचे रंग बायकांवर पडले असतील तर प्रेक्षक म्हणूनच.

समोरच्या टोकाला एक भव्य कमान, आणि तिच्या पलीकडे अर्धवर्तुळाकार जागा. तिथे व्यासपीठ आहे. इथे मला भाऊंना विचारलेला माझा प्रश्न पुन्हा आठवला, आणि वाटलं, सात वर्षांची मी काही चुकले नव्हते. हा आराखडा चर्चचाच आहे. लांब मंडप, मग कमान, मग अर्धगोल गाभा. चर्चमध्ये त्या गाभ्यात वेदी असते. स्कॉटनं वेदी उचलली आणि तिथे कुलपतींची खुर्ची ठेवली. आपल्या देवळातही हीच चाल असते, सभामंडपातून अंतराळ आणि अंतराळातून गाभारा. पण आपण जसजसे आत जातो तसतसा अंधार वाढतो, शेवटी एक समई. गॉथिकमध्ये टोकाकडे उजेड. आपल्याकडे दर्शनासाठी डोळे विस्फारून बघावं लागतं, तिथे डोळे दिपायला हवेत. विद्यापीठाच्या सभागृहाला कोणतं जास्त शोभतं? मला विचाराल तर ज्ञानाला समईही चालते. पण नावं पुकारायला आणि चेहरे बघायला उजेड बरा, हेही खरं.

त्या खुर्च्यांची एक गोष्ट मला फार हवीशी वाटते. १८६२ साली विद्यापीठाचे पहिले बी. ए. झाले, चौघे: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. विद्यापीठाला तेव्हा स्वतःचं छप्पर नव्हतं. बिऱ्हाड टाउन हॉलमध्ये होतं, जिथे आज एशियाटिकच्या पायऱ्या आहेत. पुढे १८९२ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग पहिले भारतीय कुलगुरू झाले, आणि त्यांच्यानंतर त्या जागी आले ते भांडारकर. म्हणजे ज्यांच्या पदवीच्या वेळी या सभागृहाचा पायासुद्धा खणलेला नव्हता, ते तीस वर्षांनी त्याच्या गाभ्यात बसले. भांडारकरांसारख्या संस्कृत पंडितानं त्या फ्रेंच कमानींकडे बघून मनात काय म्हटलं असेल, हे जाणून घ्यायला मला आवडलं असतं.

आता पैशांकडे. हिशेबाची बाई ते सोडणार नाही.

१८६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि मुंबईतून कापूस सोन्याच्या भावानं जाऊ लागला. पैसा इतका आला की तो ठेवायचा कुठे हा प्रश्न होता. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी किल्ल्याचे तट पाडून टाकले, जागा मोकळी झाली, आणि त्या जागेवर समुद्राकडे तोंड करून सरकारी इमारतींची एक रांग उभी राहिली: सचिवालय, सभागृह, ग्रंथालय आणि टॉवर, हायकोर्ट, बांधकाम खातं. हो, समुद्राकडेच. ओव्हलच्या पलीकडे तेव्हा मरीन ड्राइव्ह नव्हता, आर्ट डेकोच्या गुळगुळीत इमारती नव्हत्या. त्या सगळ्या विसाव्या शतकातल्या, समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवरच्या. २०१८ मध्ये युनेस्कोनं दोन्ही बाजूंना मिळून जागतिक वारशाचा दर्जा दिला, म्हणजे समोरासमोरच्या दोन भांडकुदळ पिढ्यांना एकाच फोटोत बसवलं. १८६५ मध्ये अमेरिकेतली लढाई संपली, कापसाचा फुगा फुटला आणि मुंबईतले अर्धेअधिक शेठ कंगाल झाले. आईच्या नावानं टॉवरसाठी दोन लाख देणारे प्रेमचंद रायचंद त्यातच बुडाले. दिलेलं दान मात्र उभं राहिलं. बुडालेल्या तेजीचा असा पावतीचा कागद क्वचितच बघायला मिळतो.

सभागृहासाठी एक लाख रुपये दिले सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी. आडनाव खरंच रेडीमनी. चीनच्या व्यापारात या पारशी घराण्याकडे रोकड कायम तयार असायची, त्यावरून पडलेलं. आज अशा आडनावाचा माणूस कर्जाच्या अ‍ॅपची जाहिरात करताना दिसला असता. कावसजींनी दवाखाने, कॉलेजं, आणि मुंबईत ठिकठिकाणी पाणपोया बांधल्या. एक पाणपोई तर त्यांनी थेट लंडनमध्ये, रीजंट्स पार्कात बांधली, १८६९ साली. ज्या वर्षी मुंबईत लंडनच्या स्कॉटचं सभागृह सुरू झालं, त्याच वर्षी लंडनमध्ये मुंबईच्या शेठजींची पाणपोई उभी राहिली. एकानं ऊन न बघता सावली पाठवली, दुसऱ्यानं पावसाळी गावात पाणी वाटलं. १८७८ च्या मार्चमध्ये स्कॉट गेला, त्याच वर्षी कावसजी गेले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस टॉवर पुरा झाला. दोघेही जवळजवळ एका वयाचे.

नावं दगडावर कोरली जातात ती या दोन प्रकारच्या माणसांची, पैसे देणाऱ्यांची आणि नकाशा काढणाऱ्यांची. मधला माणूस राहतो. या आवारात तो मधला माणूस म्हणजे रावबहादूर मुकुंद रामचंद्र, सरकारी नोकरीतले असिस्टंट इंजिनिअर. राजाबाई टॉवरवर वरच्या भागात पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे दगडी पुतळे आहेत, पागोटी, पगड्या, अंगरखे घातलेले. फ्रान्समधल्या टॉवरवर त्या जागी संत उभे असते. ते पुतळे घडवले मुकुंद रामचंद्रांनी. नोंदीत त्यांचं नाव असं अर्धंच येतं, स्वतःचं आणि वडलांचं. पण मला त्यांच्या कामात एक मिश्कील धिटाई दिसते. लंडनहून कागद आला होता संतांच्या कोनाड्यांसकट, आणि या माणसानं त्या कोनाड्यांत आपल्या बाजारात दिसणारे लोक नेऊन उभे केले. तेही पावणेतीनशे फुटांच्या टॉवरवर, इतक्या उंचीवर की खालून चालणाऱ्या जावक कारकुनाला पगडी कुणाची हे ओळखू येऊ नये.

स्कॉटला मी अगदीच अडाणी ठरवत नाही. शेजारच्या ग्रंथालयाला त्यानं कमानींचे सज्जे दिले, कोपऱ्यांत उघडे चक्री जिने दिले, जिथून वारा आरपार जातो. वारा त्यानं कागदावर ऐकून काढला होता आणि बरोबर काढला होता. पाऊस मात्र कुणाला कागदावर काढता येत नाही. लंडनच्या जवळजवळ चौपट पाऊस मुंबईवर पडतो, आणि तो वरून पडत नाही, समुद्राकडून आडवा येतो. ओव्हलवर जुलैत छत्री उलटी झालेल्या कुणालाही विचारा. दगडातली प्रत्येक नक्षी, प्रत्येक खाच त्याला बसायला ओटा मिळाल्यासारखी आहे. तिथे ओल मुरते, शेवाळ धरतं, पिंपळ उगवतो. या इमारती उभ्या आहेत त्या दर काही दशकांनी कुणीतरी शिडी लावून वर चढतं म्हणून. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सभागृहाचं मोठं जतनकाम झालं. माझ्या हातावर पडलेला निळा एवढा स्वच्छ होता तो त्यामुळेच असणार.

व्याख्यान संपल्यावर चहाला न थांबता मी वर मान करून ती चक्राकार खिडकी शोधली. सभागृहाची ही खिडकी प्रसिद्ध आहे. दगडी आऱ्यांचं मोठं चाक, आणि बाहेरच्या कड्यात रंगीत काचेतल्या बारा राशी. विद्यापीठात राशी कशाला, असं कुणालाही वाटेल. पण युरोपातल्या चर्चांच्या चाकांत राशी बसवायची जुनी रीत होती, आणि तिथे त्यांचा अर्थ भविष्य नव्हता. तो शेतकऱ्याचा दिनदर्शक होता. अमुक राशीत सूर्य आला की पेरणी, तमुक राशीत द्राक्षं तोडायची. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरासारखंच, फक्त खिळ्याला टांगण्याऐवजी भिंतीत बसवलेलं. मी आपली मकर रास शोधत राहिले. त्यांची मकर म्हणजे माशाच्या शेपटीचा बोकड. आपल्या पंचांगातली मगरीसारखी. खालून मला ना बोकड दिसला ना मगर. मान दुखायला लागली. शेजारी एक मुलगी गाऊनशिवायच मोबाइलवर सेल्फी काढत होती, तिला मी विचारलं, "तुझी रास कोणती?" तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पुढे काही समजावायच्या भानगडीत पडले नाही.

मीही फोटो काढले. मोबाइलला ती जागा झेपत नाही. खिडकी नीट आली की सभागृह काळंठिक्कर, सभागृह दिसलं की खिडकी पांढरीफटक. जो उजेड काच गाळते तो कॅमेऱ्याला गाळता येत नाही.

तरी ते फोटो घेऊन मी रविवारी डोंबिवलीला गेले. भाऊ आता चौऱ्याऐंशीचे. गेल्याच महिन्यात दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून त्यांना प्रत्येक निळी वस्तू नव्यानं दिसते आहे. आईची जुनी निळी इरकल, प्लास्टिकची बादली, कशाहीकडे बोट दाखवून "हे इतकं निळं होतं?" असं विचारतात. मी त्यांना खिडकीचा फोटो मोठा करून दाखवला. त्यांनी फोन लांब धरला, मग जवळ, मग पुन्हा लांब.

"हे कुठलं?"

"घड्याळाशेजारचं. आतून."

बराच वेळ बघत राहिले. टीव्हीच्या वरच्या माझ्या पदवीकडे एकदा पाहिलं, परत फोनकडे. मी कमानींचं, काचांचं, त्या गाळलेल्या उन्हाचं सांगत होते. ऐकतायत की नाही कळेना.

मग फोन माझ्या हातात देत म्हणाले, "आतून घड्याळ दिसतं का?"

"नाही दिसत, भाऊ."

"तेच म्हटलं," असं म्हणून त्यांनी मनगट वर केलं आणि एचएमटीला किल्ली दिली.